न दिसलेली रेषा : एका कबड्डी पंचाचा काचबिंदू

पंचाने दिलेला निर्णय फिरवायचा नसतो आणि त्याबद्दल माफीही मागायची नसते, असं मला पंच परीक्षेच्या वेळी शिकवलं होतं. मी ते इतकं मनावर घेतलं की घरातसुद्धा कधी कोणाची माफी मागितली नाही. हवं तर माझ्या नवऱ्याला विचारा.

माझं नाव सुनंदा परब, वय सत्तावन्न. घाटकोपरच्या एका शाळेत पीटी शिकवते आणि राहते भांडुपला. बरीच वर्षं कबड्डी खेळले. गुडघा गेला तेव्हा गळ्यात शिट्टी अडकवली, तिला आता तेवीस वर्षं झाली. माझा नवरा मोहन त्याच मैदानांवर टेबलाशी बसून गुण लिहितो. घरात एक गुण देणारी आणि एक लिहिणारा, त्यामुळे आमची भांडणंसुद्धा नियमाप्रमाणे होतात.

डोळ्यांचं हे सगळं लिहिते आहे, कारण मी यात दोन-तीन मूर्खपणाच्या गोष्टी केल्या. त्या दुसऱ्या कोणी करू नयेत एवढंच. डॉक्टरकीचं मला फार कळत नाही, ते डॉक्टरांना विचारा.

शेवटची चढाई

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या भांडुपच्या मैदानावर मुलींची फायनल होती. दोन्ही संघांचे गुण सारखे आणि शेवटची चढाई. कबड्डी न बघणाऱ्यांसाठी इतकंच सांगते की चढाई करणारीने समोरच्या कोणाला शिवण्याआधीच तिचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला, तर ती बाद आणि गुण समोरच्या संघाला. मी त्याच बाजूला, रेषेपासून हातभर अंतरावर उभी होते. चढाईवाली माझ्या बाजूने आत शिरली, गर्रकन वळली आणि कोपऱ्यातल्या मुलीच्या खांद्याला तिने हात लावला. हात मला स्वच्छ दिसला. मी शिट्टी मारून तिच्या संघाला गुण दिला आणि मॅच संपली.

हरलेल्या संघाची कप्तान होती प्रणाली. वीस-एकवीस वर्षांची, सडसडीत, मैदानावर कधी आवाज न चढवणारी मुलगी. ती धावत माझ्याकडे आली.

“मॅडम, शिवायच्या आधी पाय बाहेर होता तिचा. तुमच्या पायाजवळ होता.”

मी म्हटलं, “माझ्या पायाजवळ होता म्हणूनच सांगते. आत होता.”

खरं सांगायचं तर पाय मी पाहिलाच नव्हता. आत नाही आणि बाहेरही नाही. नुसती जागा होती, तिच्यात काही नव्हतं. पण तेवीस वर्षांच्या सवयीने तोंडातून ‘आत’ निघून गेलं. कोणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं होतं, ते प्रणाली मला दाखवायला लागली. मी तिचा हात बाजूला केला आणि मैदानावर मोबाइल चालत नाही, पंच चालतो, असं सुनावलं. तिने बूट सोडले, पिशवी उचलली आणि बक्षीस समारंभाला न थांबता निघून गेली. मोहनने शेवटचा गुण लिहिला आणि पेनाला टोपण लावलं.

मुलुंडची दुपार

पुढच्या दोन महिन्यांत बारीकसारीक गोष्टी झाल्या. शाळेच्या जिन्याची शेवटची पायरी मला दोनदा सापडली नाही. घरातलं स्टूल रोज त्याच जागी असतं, तरी त्याला रोज नडगी आपटायची. मी स्टुलावर ओरडायचे. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून चष्मेवाल्याकडे गेले, तर तो म्हणाला की नंबर तसाच आहे, पण ताई, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवाच. तो नवा चष्मा सहज खपवू शकला असता. त्याने तसं केलं नाही, याबद्दल मी त्याला अजून दुवा देते.

एप्रिलमध्ये, शाळेला सुट्टी लागल्यावर, आम्ही मुलुंडला गेलो. डॉक्टरबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या. डोळ्यात थेंब घालून त्यांनी निळ्या दिव्याचं यंत्र जवळ आणलं आणि दाब मोजला. उजव्यात सव्वीस, डाव्यात अठ्ठावीस; एकवीसपर्यंत चालतो म्हणे. मग डोळ्याच्या आत बराच वेळ बघत राहिल्या. इतका वेळ, की मला आधीच काय ते कळलं.

“काचबिंदू आहे,” त्या म्हणाल्या. “जी नजर गेली ती परत आणता येत नाही. उरलेली राखता येते, आणि तुमच्याकडे राखण्यासारखं बरंच आहे.”

मी त्यातलं पहिलंच ऐकलं. बाकीचं मोहनने ऐकलं आणि नंतर मला आठवडाभर सांगत राहिला.

माझे वडील, आमचे दादा, गिरणीत होते. त्यांना दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की मोतीबिंदू आहे, पिकला की काढू. आम्ही तो पिकायची वाट बघत बसलो. चार वर्षांनी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं की तो काचबिंदू होता, आणि आता काढण्यासारखं काही उरलेलं नाही. शेवटची वर्षं दादा चाळीच्या गॅलरीत बसून पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखायचे. माझी पावलं ओळखली की, “सुना, आज कोण जिंकलं?” विचारायचे. त्या दुपारी दवाखान्याच्या बाकावर मला ती गॅलरी दिसली आणि तिच्यात मी बसलेली दिसले. मी खूप घाबरले. हे मी त्या दिवशी कोणालाही सांगितलं नाही.

बटण

काचबिंदूत एक परीक्षा असते. एका डोळ्यावर पट्टी लावतात आणि मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवतात. मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक दिवे क्षणभर लागतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. नजरेच्या कडा कुठे कुठे शाबूत आहेत ते त्यावरून कळतं.

मी हयातभर परीक्षा घेतल्या आहेत, देण्याची सवय नाही. पहिल्या दोन-तीन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की यंत्राला ताल आहे. बारीक ‘टिक’ असा आवाज होतो आणि मग दिवा लागतो. पंचाला हे जमतंच. चढाईवाली कुठे वळणार हे तिच्या आधी पंचाच्या अंगाला कळतं. मी टिक ऐकू आलं की बटण दाबायला लागले. दिवा दिसो ना दिसो. आणि मनात म्हणाले, बघा, सगळे दिवे दिसले.

परीक्षा घेणारी मुलगी होती केतकी. कागद बघून तिने भुवया वर केल्या. यंत्र मधूनमधून मुद्दाम नुसता आवाज करतं, दिवा लावतच नाही. त्या वेळीही मी बटण दाबलं होतं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. म्हणजे त्या यंत्राने मला रंगेहाथ पकडलं होतं. केतकी मात्र समजुतीने म्हणाली की पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं, चार-पाच महिन्यांनी परत करू. मी मान हलवली. आपण फसवलंय हे मला पक्कं माहीत होतं.

डॉक्टरबाईंनी दोन औषधं दिली. एक सकाळ-संध्याकाळ, एक झोपताना. थेंब टाकला की डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरायचा. सुट्टीत मी हे इमानाने केलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली तशी गडबड सुरू झाली.

सकाळचा थेंब टाकला की माझे डोळे तासभर लालभडक व्हायचे. प्रार्थनेच्या वेळी मी मैदानावर उभी राहायचे आणि मुली एकमेकींना कोपराने ढोसायच्या. आठवडाभरात शाळेत बातमी पसरली की परब मॅडम रोज घरून रडून येतात. गणिताच्या बाईंनी मला बाजूला घेऊन मोहनचं वागणं ठीक आहे ना, अशी हळूच चौकशी केली. सासरहून मुलगी माहेरी परत आली की तिला विचारतात तसं. मोहनला हे सांगितल्यावर तो पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. ज्या पीटीच्या बाईला पोरी घाबरतात तिची कीव करायला लागल्यावर शाळेत उरलं काय?

सकाळचा थेंब मी बंद केला. संध्याकाळचा आणि झोपतानाचा कधी टाकायचे, कधी तशीच झोपायचे. मात्र तपासणीच्या आधी आठ दिवस अगदी घड्याळ लावून दोन्ही औषधं घालायचे. दाब छान यायचा. डॉक्टरबाई खूश व्हायच्या, मीही खूश व्हायचे. सप्टेंबरमध्ये बटणाची परीक्षा पुन्हा झाली आणि मी पुन्हा तालावर बटण दाबलं. या वेळी कमी आणि हुशारीने. केतकीने कागद डॉक्टरबाईंकडे नेला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या की या कागदावरून त्या काहीच ठरवू शकत नाहीत. मी तणतणले. यंत्र जुनं असेल, असंही म्हटलं.

बाटलीवरची तारीख

त्या दिवशी मुलुंडहून रिक्षाने परतताना मोहनने खिशातून माझी औषधाची बाटली काढली. तिच्यावर निळ्या पेनाने बारीक अक्षरात तारीख होती. गुण लिहिणाऱ्याची सवय. घरात कुठलीही बाटली उघडली की तो तारीख टाकतो, मग ते खोबरेल का असेना.

“ही बाटली महिनाभर पुरते,” तो म्हणाला. “ही जूनमधली आहे, आणि अजून अर्धी आहे.”

मी उलट त्याच्यावरच घसरले. तीन महिने माहीत होतं तर बोलला का नाहीस? नवरा आहेस की हेर? तो शांतपणे म्हणाला की रोज वाटायचं आज तू स्वतःच सांगशील. मी आणखी भडकले. रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता. भांडुपचा सिग्नल आला तेव्हा मोहन पुन्हा बोलला, आणि या वेळी त्याचा आवाज बदलला होता.

“तू पोरींना पंच परीक्षेला बसवतेस ना, तेव्हा पहिल्या दिवशी काय सांगतेस? जे दिसलं तेच द्या. त्या मशीनवर तू न दिसलेले गुण देतेयस, सुनंदा. आणि ते कोणाला देतेयस?”

डॉक्टरबाईंच्या त्या कागदावरून त्याला बटणाचंही कळलं होतं. मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. तो रोज माझ्या बशीशेजारी थेंबाची बाटली ठेवायचा आणि पेपर वाचत बसायचा. पाचव्या दिवशी सकाळी मी बाटली उचलली आणि त्याच्यापुढे धरली. मी त्याला म्हटलं, तू टाक, माझ्याकडून नेम लागत नाही. त्याने टाकला. कोपराही त्यानेच दाबून धरला. माफी मी तेव्हाही मागितली नाही, पण त्या दिवसापासून तो थेंब त्याच्याच हातचा झाला.

न दाबलेलं बटण

डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं. थेंबाचं, तपासणीच्या आधीच्या आठ दिवसांचं आणि टिक आवाजाचं. वाटलं होतं की त्या झापतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या की असं पुष्कळ जण करतात, कबूल फार थोडे करतात. थेंब जमत नसतील तर लेझर करता येईल, दाब त्यानेही उतरतो. पण आधी त्यांना खरा कागद हवा होता.

ऑक्टोबरमध्ये मी तिसऱ्यांदा त्या वाडग्यासमोर बसले. केतकीला म्हटलं, आज न दिसलेलं देणार नाही.

ती परीक्षा मला आयुष्यातली सगळ्यात कठीण वाटली. टिक व्हायचं, आणि काही दिसायचं नाही. पुन्हा टिक, पुन्हा काही नाही. तिथे दिवा लागलेला असणार हे माझ्या हाताला कळत होतं. अंगठा बटणावर होता आणि तो मी तसाच धरून ठेवला. डाव्या डोळ्याच्या वेळी तर खालच्या बाजूचा एक लांबच्या लांब पट्टा असा आला की माझा अंगठा हललाच नाही. तेव्हा मला ती चढाई आठवली. बाजूची रेषा, माझ्या पायाशी, अगदी खाली. तिथेच तर मला दिसत नव्हतं. प्रणाली बरोबर होती. पट्टीखाली डोळा भरून आला आणि केतकीला परीक्षा दोन मिनिटं थांबवावी लागली. तिने पाणी दिलं. वाट लागली का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “नाही ओ मॅडम. आता कुठे खरं कळलं ना, आता करता येईल काहीतरी.”

कागदावर डाव्या डोळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात काळी कमान होती आणि उजव्यात त्याच जागी तिची पुसट सुरुवात. मधली नजर दोन्हीकडे चांगली. त्याच आठवड्यात मी पंच मंडळाला पत्र लिहिलं की पुढच्या मोसमात मला मैदानावर उभं करू नये. कारण खरं लिहिलं. पत्र पाकिटात घातलं. तेवीस वर्षं ज्या नावाने लोक मला ओळखत होते ते मी स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

दहा चढाया

लेझर दिवाळीनंतर ठरला. तोपर्यंत शेजारपाजारने मला पुरेसं घाबरवलं. कोणाच्या मावशीचा डोळा भाजला होता, कोणाच्या दिराला महिनाभर अंधारात ठेवलं होतं. माझी भीती वेगळी होती. पंचाचे डोळे सतत फिरत असतात. माझे ऐनवेळी फिरले तर?

त्या दिवशी बाकावर आम्ही सहा-सात जण बसलो होतो. ज्या डोळ्याचं करायचं त्याच्या वर कपाळाला कागदी चिकटपट्टी. माझ्या शेजारी भांडुपच्याच एक आजी होत्या, मूळच्या मालवणकडच्या, दुसऱ्या डोळ्यासाठी आलेल्या. माझे पाय हलताना बघून त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“घाबरां नको गो. माका पण वाटला व्हता, आता काय डोळो ऱ्हवत नाय. पाच मिनिटांचा काम. मगे भायेर येवन मी चाय पिलंय.”

मी विचारलं, दुखलं का? त्या म्हणाल्या, “दुखाक काय नाय. फकस्त तेंच्या समोर गप बसाचा लागता, ताच काय ता कठीण.” आम्ही दोघी हसलो. गप्प बसणं आम्हा दोघींनाही कठीण जाणार हे एकमेकींकडे बघूनच कळत होतं.

आत नेल्यावर डोळा बधिर करायचे थेंब टाकले. हनुवटी एका कप्प्यात, कपाळ पट्ट्याला टेकलेलं. डॉक्टरबाईंनी जेल लावलेलं एक भिंग डोळ्यावरच ठेवलं, म्हणजे पापणी मिटायची सोयच नाही. मागून एका नर्सने माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं. तिचे हात गरम होते. सगळ्यात जास्त धीर मला त्या हातांनी दिला, आणि मी तिचा चेहरासुद्धा पाहिला नाही.

मग हिरवा प्रकाश आणि बारीक टक्‌टक्. दुखलं नाही, मधूनच टोचल्यासारखं वाटलं. एक चढाई तीस सेकंदांची असते. मी मनात चढाया मोजायला लागले. शिट्टी, तीस सेकंद, परत शिट्टी. माझ्या हातात करण्यासारखं तेवढंच होतं. दहावी चढाई संपायच्या आत डॉक्टरबाई म्हणाल्या, “झालं. तुम्ही जराही हलला नाहीत.” इतकी वर्षं प्रार्थनेच्या रांगांपुढे उभं राहून पोरींना ‘हलू नका’ ओरडले, ते त्या दिवशी कामाला आलं म्हणायचं.

तासभराने दाब पुन्हा मोजला आणि घरी सोडलं. नजर धूसर होती, डोकं जड होतं. जिन्यावर मोहनने माझा दंड धरला. एरवी मी हात झटकला असता. त्या दिवशी धरू दिला, आणि खाली आल्यावरही सोडवून घेतला नाही. आजी बाहेर टपरीवर चहा पीत उभ्या होत्या. त्यांनी लांबूनच कप वर केला. पंधरा दिवसांनी दुसऱ्या डोळ्याचं झालं आणि तेव्हा बाकावर शेजारच्या घाबरलेल्या बाईला मी पाच मिनिटांचं काम आहे असं सांगत होते.

सतरा आणि सोळा

लेझरचा परिणाम लगेच दिसत नाही. पाच-सहा आठवडे थांबावं लागतं, आणि प्रत्येकाला तो सारखा लागू पडतोच असं नाही, हे मला आधीच सांगितलं होतं. त्या आठवड्यांत मी चिडचिडले, मोहनने ऐकून घेतलं. डिसेंबरच्या शेवटी निळा दिवा पुन्हा जवळ आला. उजव्यात सोळा, डाव्यात सतरा. सकाळ-संध्याकाळचं ते लाल करणारं औषध डॉक्टरबाईंनी बंद केलं. झोपताना एक थेंब राहिला. तो मोहन टाकतो, बाटलीवर तारीख टाकतो, आणि आता बाटली बरोबर महिन्यात संपते.

काळी कमान आहे तिथेच आहे. ती जाणार नाही. काही वर्षांनी लेझर पुन्हा करावा लागेल, कदाचित ऑपरेशनही. पण आता मी स्टुलावर ओरडत नाही, मान खाली करून चालते. माझ्या धाकट्या भावाला मी हात धरून मुलुंडला नेलं. त्याचा दाब वाढलेला निघाला, नजर मात्र पूर्ण शाबूत होती. दादांच्या वेळी आम्ही पिकण्याची वाट बघत बसलो, या वेळी बसलो नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात काचबिंदू असेल तर भावंडांना घेऊन जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. मला एक दिवसही दुखलं नव्हतं.

शाळेत माझे डोळे आता पांढरे असतात. गणिताच्या बाईंना वाटतं मोहन सुधारला.

एक गुण

या फेब्रुवारीत भांडुपच्या मैदानावर पुन्हा फायनल झाली. मी टेबलाशी मोहनच्या शेजारी बसले होते, वेळ लावायला. घड्याळ डोळ्यांसमोर मधोमध असतं, ते मला झकास दिसतं. गळ्यात शिट्टी नव्हती आणि हात सारखा तिथे जात होता.

मॅच संपल्यावर प्रणाली टेबलाशी आली. या वर्षी तिचा संघ जिंकला होता, गुडघे मातीने भरले होते. वर्षभरात आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. तिने विचारलं, “मॅडम, डोळे कसे आहेत आता? मला कळलं.”

मी ठीक आहेत म्हटलं. मग विचारलं, “तो व्हिडिओ आहे का गं अजून तुझ्याकडे?”

ती गडबडली. जाऊ द्या ना मॅडम, झालं ते झालं, असं काहीतरी म्हणाली. मी हात पुढे केला. तिने मोबाइल काढला, बराच वेळ शोधलं आणि माझ्या हातात दिला. वर्षभर तिने तो पुसला नव्हता.

मी मोबाइल चेहऱ्यासमोर मधोमध धरला. एवढ्याशा पडद्यावर अख्खं मैदान मावलं होतं, आणि त्याच्या कडेला मी उभी होते, मान ताठ, शिट्टी तोंडात. चढाईवाली आत आली, वळली. तिचा डावा पाय रेषेच्या बाहेर पडला, चांगला वीतभर, माझ्या बुटापासून दोन पावलांवर. मग तिने खांद्याला हात लावला. मी परत लावून बघितलं. तिसऱ्यांदा बघायची गरज नव्हती.

मी खुर्चीवरून उठले. समोर मैदान रिकामं होतं, माणसं बक्षिसांकडे वळली होती. मी हात वर केला, जसा तेव्हा करायला हवा होता तसा.

“बाद,” मी म्हटलं. “शिवायच्या आधी पाय बाहेर. गुण तुमच्या संघाला.” आणि मग, जे आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं ते म्हटलं. “मी चुकले, प्रणाली. मला माफ कर.”

तिचे डोळे भरले. तिने मोबाइल घेतला आणि माझ्या खांद्याला कपाळ टेकलं, घामाचं आणि मातीचं. शेजारी मोहनने पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

“कुठल्या मॅचचा लिहू?” त्याने विचारलं.

“मागच्या वर्षीच्या,” मी म्हटलं. “तारीख टाक.”